रोटी कुणाची ते लिहा

रविवारी दुपारी जेवण आटोपलं की गोपाळराव आठवडाभराच्या पोस्ट लिहायला बसत. एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली होती. पुढे तिथे संगणक आला आणि कोरी कार्डं रद्दीत निघाली. त्यातला एक खोका सायकलला बांधून त्यांनी घरी आणला होता. आता त्याच कार्डांवर, एका दिवसाला एक कार्ड अशा हिशेबाने, ते बायकोच्या लंबी रोटीसाठी दोन-दोन ओळी लिहीत. सून माया त्या ओळी फोनमध्ये उतरवून घेई, खाली व्हिडिओ लावी आणि रोज सकाळी आठला टाकून देई.

रोटी प्रयागबाईंच्या हातची. लोकवन गव्हाचं पीठ सैल भिजवायचं, परातीत आपटून आपटून त्याला तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. चाळीस वर्षं त्या हे करत होत्या आणि करताना एकदाही हातांकडे बघत नव्हत्या.

गोपाळरावांचा मात्र स्वतःच्या एकाही ओळीवर भरवसा नव्हता. लिहीत, खोडत, परत तेच लिहीत. "हे फार शहाणपणाचं वाटते काय गा?" असं रिकाम्या अंगणाला विचारत. एकदा कुणीतरी पोस्टखाली लिहिलं, हातात मोजे का नाहीत? त्यांचं दिवसभर जेवणावरून मन उडालं. संध्याकाळी प्रयागबाई म्हणाल्या, "मोजे घालून रोटी ताणली का तिथंच फाटते. लिहा तेच." त्यांनी तेच लिहिलं आणि ती पोस्ट सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिली. त्याचंही त्यांना वाईटच वाटलं, कारण ओळ त्यांची नव्हती.

एकवीस दिवस असे गेले. बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, आर्यनचा फोन आला.

आर्यन हा लग्नांची केटरिंगची कामं घेणारा तरुण. येत्या रविवारी वर्धा रोडवरच्या एका लॉनवर लग्न होतं आणि तिथे प्रयागबाईंनी चूल मांडून पाहुण्यांसमोर रोट्या करायच्या, असं त्याने पोस्ट बघूनच ठरवलं होतं. आजवर प्रयागबाईंच्या रोट्या लग्नाला गेल्या होत्या. प्रयागबाई कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी तीन नवी मडकी आणून तापवून ठेवली होती आणि हिरवी नऊवारी इस्त्रीला दिली होती.

मायाने फोन स्पीकरवर ठेवला.

"काकू, एक छोटीशी गोष्ट," आर्यन म्हणाला. "तुमच्या पोस्टखाली तो एकजण आडनाव विचारतोय ना, त्याला काही उत्तर देऊ नका. कमेंट उडवून टाका. काउंटरवर पण पाटी फक्त 'मटका रोटी' अशीच लावू. मुलीकडचे जरा जुन्या वळणाचे आहेत. मला स्वतःला काही फरक पडत नाही हं."

"बघतो," गोपाळराव घाईघाईने म्हणाले आणि मायाला फोन ठेवायची खूण केली.

प्रयागबाईंनी हात पुसले. "काय वं माया, कोण आडनाव पुसून राहिला?"

"हाय एक, आई. फुलाचा फोटो लावलेला. तीन दिवसांपासून पुसून राहिला, मावशींचं आडनाव काय म्हणून. खाली दुसऱ्यानं लिहलं, पत्ता बी सांगत नाहीत, समजून घ्या."

"मंग सांगत काहून नाही? आडनाव नाही काय आपल्याले?"

माया सासऱ्यांकडे बघू लागली. सासरे खोक्यातली कार्डं सारखी करू लागले.

"एकवीस दिवस झाले," प्रयागबाई म्हणाल्या. "एकाही दिवशी गजभिये नाही लिहलं?"

"नाही," माया म्हणाली.

"अन् इंदोरा? आपली वस्ती?"

"मामाजी म्हणे, कामठी रोड लिही." मायाने सासऱ्यांकडे बोट केलं.

प्रयागबाईंनी अंगणात नजर फिरवली. चूल नळापाशी होती. पूर्वी ती भिंतीपाशी असे, जिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावलेली होती. व्हिडिओ सुरू झाले तेव्हा नळापाशी उजेड चांगला येतो, असं गोपाळराव म्हणाले होते.

"चूल हलवली ते उजेडासाठी नव्हतं तर," त्या म्हणाल्या.

गोपाळरावांनी सारखी केलेली कार्डं परत सारखी केली.

"कोण म्हनलं तुमाले असं कराले?"

"कोणीच नाही."

हे खरं होतं, आणि तेच सांगायला त्यांना जड गेलं. कुणी धाक दाखवला नव्हता, कुणी सुचवलंही नव्हतं. पहिलं कार्ड लिहिताना हात 'प्रयागबाई' या शब्दापाशी आपोआप थांबला होता आणि मग एकवीस वेळा थांबत गेला होता. "तुले त्रास नको म्हणून," ते कसेबसे म्हणाले. "लोकं कसे असतात तुले माहीत नाही."

"मले माहीत नाही?" प्रयागबाई हसल्या. "मी डबे देत होती तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या बाईनं डबा बंद केला. तुम्ही मले सांगतलं, त्यायची बदली झाली चंद्रपूरले. झाली नव्हती बदली. ते बाई मले बाजारात दर शुक्रवारी दिसे, वांगे निवडून राहे. मी तुमाले बोलली नाही, कारण तुमाले वाईट वाटलं असतं."

गोपाळरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांना वाटत होतं की ती एक गोष्ट तरी आपण बायकोपासून नीट दडवली.

"चौतीस वर्षं तुम्ही दुनियेचे कार्डं लिहले," प्रयागबाई म्हणाल्या. "पहिले आडनाव, मंग नाव. कोणाचं सोडलं काय? माह्याच पाळीले शाई सरली?"

माया हळूच म्हणाली, "आई, आता लिहलं तर रविवारचं काम जाईन."

"माहीत हाय मले. जायचं तर मले बी हाय वं. हजार लोकायसमोर रोटी झुलवाची, कोणाले नाही वाटत? पण तिथं उभी राहून मी कोण हाय हेच लपवाचं असन, तर मडकंच पाठवून द्या. त्याले आडनाव नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या बाबानं तुमाले खांद्यावर बसवून दीक्षेले नेलं होतं. दोन वर्षाचे होते तुम्ही. लाखो लोकं होते तिथं. तुमचे बाबा तोंड लपवून गेले होते काय?"

गोपाळरावांनी एक कोरं कार्ड ओढलं. वरच्या रेघेवर, बोटांना सवय होती तसं, लिहिलं: गजभिये, प्रयागबाई. खाली लिहिलं:

"ही रोटी प्रयागबाई गोपाळ गजभिये यांच्या हातची. घर इंदोरा, नागपूर. ज्यांना आडनाव हवं होतं त्यांनी ते घ्यावं, ज्यांना रोटी हवी आहे त्यांनी रोटी घ्यावी."

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि काहीही खोडलं नाही. मग प्रयागबाईंनी आणि मायाने मिळून चुलीच्या विटा भिंतीपाशी नेल्या.

बुधवारी आठला पोस्ट गेली. पावणेनऊला आर्यनचा फोन आला. माया फोन सासूकडे न्यायला निघाली, तोच गोपाळरावांनी हात पुढे केला. फोनवर बोलायचं म्हटलं की एरवी ते संडासात जाऊन बसत.

"काका, अहो, काय केलंत हे? काल सांगितलं होतं ना मी."

"होय. ऐकलं होतं."

"मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. माझे किती मित्र आहेत तुमच्यातले."

"आमच्यातले म्हणजे रोटीवाले?" गोपाळरावांनी विचारलं.

आर्यनने विषय बदलला. "काका, असं करा ना. फक्त रविवारपर्यंत काढून ठेवा. सोमवारी परत टाका. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

'बघतो' हा शब्द गोपाळरावांच्या ओठापर्यंत आला. आयुष्यभर त्यांनी तो इतक्यांदा वापरला होता की तो आपला आपणच बाहेर पडे. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"काढणार नाही," ते म्हणाले. "आणि काउंटरवर पाटी लागली तर पूर्ण नावाची लागेल. ते जमत नसेल तर आम्ही येत नाही. तुम्ही नको म्हटलं असं नका समजू. आम्ही नको म्हणतोय."

"मग मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, काका."

"बघा. पण रोटी खाऊन बघा आधी. ताणताना फाटली तर लग्नघरी बरं दिसत नाही."

त्यांनी फोन ठेवला. ते चुलीजवळच्या पाटावर बसले.

"काय म्हनला?" प्रयागबाईंनी विचारलं.

"रविवार गेला."

प्रयागबाईंचे हात पिठात तसेच थांबले. त्यांनी इस्त्रीहून आलेल्या नऊवारीकडे पाहिलं नाही, पण ती कुठे ठेवली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पीठ उचलून परातीत आपटलं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं, इतका आवाज झाला.

दुपारपर्यंत पोस्टखाली बरंच काही जमलं. काहींनी नमस्कार केले. काहींनी 'फॉलो' करणंच सोडलं. कुण्या हिमानीने लिहिलं, माझी आजी अशीच रोटी करायची, घर कुठे? आणि फुलाच्या फोटोवाल्याने लिहिलं, रोटीसारख्या गोष्टीत जात कशाला आणता?

मायाने हे वाचून दाखवलं तेव्हा प्रयागबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "ब्लॉक करू काय याले?" मायाने विचारलं.

"नको," गोपाळराव म्हणाले. "लिही. तुम्ही तीन वेळा विचारलंत, म्हणून सांगितलं."

माया लिहून मोकळी झाली. मग तिने खोक्यातलं रविवारचं कार्ड काढलं. त्यावर लॉनच्या लग्नाबद्दल दोन गोड ओळी आधीच लिहून ठेवल्या होत्या. "याचं काय करू, मामाजी?"

गोपाळरावांनी ते कार्ड फाडलं आणि उभ्याउभ्याच तोंडाने सांगितलं, "लिही. येत्या रविवारी आम्ही कुठल्याही लग्नात नाही. इंदोऱ्यात आमच्या घरी चूल पेटलेली असेल. येऊन बघा, बसून खा."

मायाची बोटं भराभरा चालली. "कोणी येईन काय पण?"

"ते मले माहीत नाही," गोपाळराव म्हणाले. "पण आजच टाक. रविवारपर्यंत थांबू नको."

"अन् वेळ टाका," प्रयागबाई पलीकडून म्हणाल्या. त्यांच्या कोपरापासून रोटी लोंबत होती. "अकराच्या आत या म्हणा. मंग मी जेवाले बसते."