पन्नासच्या आत

आमच्या घरी सिनेमा संपला की कोणी उठत नाही. पडद्यावरून नावं सरकत जातात, टीव्ही आपोआप दुसरंच काहीतरी सुरू करतो, तरी सगळे बसून असतात. कारण आणेवारी व्हायची असते.

आणेवारी म्हणजे काय हे मला वाशीमला वाढूनही धड माहीत नव्हतं, म्हणून सांगून टाकते. पीक उभं असताना गावातली चार जाणती माणसं वावरात जातात आणि यंदाचं पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवतात. कागदोपत्री तिला पैसेवारी म्हणतात, पण जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पन्नासच्या वर गेली की साल चांगलं. पन्नासच्या आत राहिली की साल बुडालं, मग मदत, सवलत, पाहणी असं सगळं गावाकडे यायला लागतं. माझे सासरे रामकिसन, म्हणजे मामाजी, बरीच वर्षं गावच्या त्या कमिटीत होते. कमिटी सुटली, पण सवय काही सुटली नाही.

केनवडपासून आत आमचं गाव. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की माझा नवरा हरीओम मोबाइलवरचा सिनेमा टीव्हीला जोडून द्यायचा. सिनेमा कोणी निवडायचा त्याची पाळी ठरलेली. मधे चहासाठी थांबवला की नजरअंदाज, म्हणजे कच्ची, आणेवारी, संपला की सुधारित, आणि सोमवारी सकाळी दात घासता घासता मामाजी अंतिम जाहीर करायचे. आजवर एकही सिनेमा पन्नासच्या वर गेला नव्हता.

जाईल कसा? एका प्रेमाच्या सिनेमात हिरो-हिरोइन पिवळ्याधमक मोहरीत नाचत होते. मला तर अंगावर काटा आला होता. मामाजी पुढे सरकून बसले.

"हे वावर कोणाचं आहे?"

"बाबा, गानं आहे ते," हरीओम म्हणाला.

"गानं त्याईचं आहे. वावर कोणाचं आहे? एवढी मोहरी तुडवून राह्यले, मालक कुठी गेला?"

पुढे हिरोइनच्या बापानं विरोध केला, हिरोला गोळी लागली, दोघं स्टेशनवर भेटले. मामाजी मात्र शेवटपर्यंत त्या मालकाची वाट बघत बसले. तो काही आला नाही. बत्तीस पैसे.

भुताचा सिनेमा लावला तर सासूबाई, चतुराबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते, सगळा वेळ टीव्हीशीच भांडत होत्या. "अवं माय, आंधारात कायले चालली? लाइट लाव ना आंधी!" भूत बरं होतं पण माणसं बावळट होती असा निकाल लागला. अठ्ठावीस. आतापर्यंत सगळ्यात जास्त मिळाले ते एका हाणामारीच्या सिनेमाला. त्यातला हिरो तीस माणसांना लोळवतो आणि शर्टाची इस्त्रीही मोडत नाही. पण मारामारीत एका चहावाल्याचा गाडा उलटतो, आणि शेवटी हिरो परत येऊन त्याला गाडा उभा करून देतो. मामाजी खूश. "पोरगं समजदार आहे," म्हणाले आणि अठ्ठेचाळीस दिले.

मी मात्र सगळ्याच सिनेमांना नव्वद द्यायची. मला रडायला आवडतं, हसायला आवडतं, आणि कोणी दोन तास माझ्यासाठी एवढा खटाटोप केला तर त्याला बत्तीस पैसे द्यायला माझा हात धजत नाही. घरात माझी 'नव्वदवाली' म्हणून थट्टा चालायची. आईचा वाशीमहून फोन आला, "कसं चालू आहे व बाई?" म्हणाली, तरी माझं तेच, "एकदम नव्वद!" मग ती "बरं झालं, माय" म्हणून निर्धास्त व्हायची. इतकी निर्धास्त, की लग्नाला सात महिने झाले तरी एकदा आली नाही. वहिनीचं बाळ लहान, घरात कामं, हे सगळं मला कळत होतं. पण वाशीम काही सातासमुद्रापार नाही.

आणि इकडे मामाजींची पाहणी. ते काम काय कमिटीबरोबर संपलं नव्हतं. सकाळी, "जेवली काय? नळाले पानी आलं काय?" दुपारी, "आतल्या खोलीत मोबाइलले रेंज येते काय?" एकदा मी मागच्या दारी कपडे धूत होते, तर हे हात मागे बांधून बराच वेळ नुसते बघत उभे. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून तिथं रुंद फरशी बसवली. मला वाटलं, मी धुणं पसरून बसते म्हणून त्यांनी हा टोमणाच मारलाय. मागच्या बोळात दिवा लावला, तेव्हा वाटलं मी कितीला उठते ते बघायला लावला. मी तोंडानं फटकळ असले तरी सासऱ्याला काय बोलणार?

त्या गुरुवारी मी वाळलेले कपडे घेऊन जिन्यावरून खाली येत होते. शेजारच्या रुपाकाकू चाळणी परत द्यायला आल्या होत्या. जाता जाता ओसरीत मामाजींना म्हणाल्या, "काय भाऊ, सून कशी निंगाली मंग?"

मामाजी थोडे थांबले. विचार केल्याशिवाय ते आणेवारी सांगत नाहीत.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"हं," म्हणून काकू समाधानानं मान हलवत निघून गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तेचाळीस! तीस माणसं मारणारा तो इस्त्रीवाला अठ्ठेचाळीस आणि मी त्याच्याहून एक पैसा कमी! सात महिने यांचा बिनसाखरेचा चहा न चुकता वेगळा ठेवते, आत्याबाईंचे गुडघे चोळून देते, शहरातली असून चुलीवरची भाकरी शिकले, आणि किंमत काय तर पन्नासच्या आत. बुडालेलं पीक! संध्याकाळी भाकरी अशी थापली की चार घरांत आवाज गेला असेल. हरीओमनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाई." तो "बरं" म्हणाला आणि झोपला. नवऱ्याला काही नाही म्हटलं की त्याला ते खरं वाटतं, हे एक नवलच आहे.

मी बॅग भरली. सोमवारी सकाळी सरळ वाशीम गाठायचं, आणि परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघायचं. कोणी बोलवायला आलं तर त्यांना विचारायचं, बुडालेलं पीक घरी नेऊन करता काय?

रविवारी सिनेमाची पाळी नेमकी माझी होती. मी मुद्दाम शोधून असा काढला की त्यातला सासरा पक्का दुष्ट. सुनेला घालून पाडून बोलतो, तिच्या डब्यात मीठ ओततो, पै-पाहुण्यांसमोर अपमान करतो. मी डोळ्यांच्या कडेनं मामाजींकडे बघत होते. त्यांना काहीच लागत नव्हतं. उलट आमच्या सगळ्यांपेक्षा तेच जास्त चिडले होते.

"याले काई अक्कल आहे काय? लेकरासारखी पोरगी आहे ते!"

शेवटी सून घर सोडून जाते तिथं माझे डोळे भरले, कारण माझीही बॅग आत तयार होती. सिनेमा संपला. कोणी उठलं नाही.

"हं, वैजू," मामाजी म्हणाले, "आज तुयापासून सुरू कर. नव्वद ना?"

"बारा."

आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"बारा? अवं, रडून तं राह्यली होती तू," मामाजी म्हणाले.

"डोये माये आहेत, भरतीन. सासरा खराब होता."

"पन एका मानसापाई पुरं पीक बुडवते काय?"

"मंग मले सत्तेचाळीस कायले देल्ले?"

बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. हरीओम रिमोटकडे असा बघायला लागला, जणू आवाज त्यातूनच आला असावा.

"म्या आयकलं गुरुवारी. रुपाकाकूले सांगितलं तुमी. तो मारामारी करनारा अठ्ठेचाळीस, आन मी सत्तेचाळीस! काय कमी केलं म्या? उद्या चालली मी वाशीमले. बॅग भरून ठेवली आहे." एवढं म्हणेपर्यंत माझा आवाज फुटला. राग आला की मला रडू येतं, आणि रडू आलं की अजून राग येतो.

मामाजी तोंड उघडं ठेवून बसले होते. आत्याबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला अजूनच झोंबलं.

"अवं पोरी," हसू आवरत त्या म्हणाल्या, "सत्तेचाळीस लय झाले. मले चव्वेचाळीस आहेत. मांगच्या साली यायनं दोन वाढवले होते, तं म्या आठ दिवस भांडून कमी करून घेतले."

"कमी करून?"

"मंग? गुडघे दुखतेत माये. वाढवले तं मले इचारन कोन?"

मला काही कळेना. हरीओम पहिल्यांदाच बोलला.

"मायाकडे पाह्य. दहावी पास झालो तं बाबानं खुशीत मले ऐंशी देल्ले. तवापासून या घरात कोनं मले जेवला काय म्हनून इचारलं नाई."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. खरंच होतं. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

मामाजी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. मग सावकाश बोलायला लागले.

"एका साली रस्त्याच्या कडची आपली तूर अशी उभी होती, का येनारा-जानारा गाडी थांबवून पाहे. कमिटी आली. आपलंच वावर, कमी सांगाची लाज वाटली मले. छाती फुगवून म्या म्हटलं, पासष्ट. बाकीच्यायनंही मान हालवली. मंग शेंगा भरल्याच नाई, व बाई. पन कागदावर पासष्ट लागले होते. कोनी पाहाले सुदा आलं नाई. येतीन कायले? गाव तं चांगलं होतं."

ओढलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला.

"तवापासून जे आपलं आहे, त्याले म्या पन्नासच्या वर जाऊ देल्लं नाई. याचे ऐंशी तेवढे त्याच्या आंधीचे, ते राहूनच गेले. पन्नासच्या आत असलं का पाहाले जा लागते. रोज जा लागते."

नळाला पाणी आलं का. रेंज येते का. बोळातला दिवा. धुण्याची फरशी, जिच्यावर आता माझे पाय चिखलात भरत नाहीत आणि जी बसवली म्हणून मी दोन दिवस फुगून बसले होते. पाहणी होती खरी, पण मी समजले ती नव्हती. मला इतकं भरून आलं की पदर शोधायला लागले, आणि अंगात ड्रेस होता म्हणून आत्याबाईंचाच पदर ओढून घेतला.

"आन मंग सिनेमे?" नाक पुसत मी विचारलं. "त्यायले काहून कमी देता? ते कुठी आपले आहेत?"

"सिनेमे खराबच असतेत," मामाजी म्हणाले.

मग मी अडून बसले की माझेही चव्वेचाळीस करा. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "माया बरोबरीले येऊ नको, आताशी आली तू." घासाघीस होऊन मला शेचाळीसवर आणलं. हरीओमनं स्वतःसाठी अर्ज केला, पण त्याच्या ऐंशीचा विचार पुढच्या हंगामात करू असं ठरलं. त्या दुपारी मी त्याला मुद्दाम दोनदा विचारलं, "जेवले काय?" दोन्ही वेळा तो लाजला. त्या दुष्ट सासऱ्याच्या सिनेमाला मी बाराचे नव्वद केले, मामाजींनी एकोणतीस दिले.

संध्याकाळी मी बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होते तेव्हा आईचा फोन आला. मागे बाळ रडत होतं, कुकरची शिट्टी होत होती.

"कसं चालू आहे व बाई? नव्वद ना?" आईच म्हणाली. बाळाला जोजवता जोजवता, घाईत.

तोंडावर आलेलं 'हो' मी गिळलं. खिडकीतून मामाजी दिसत होते. बोळातला दिवा लागतो की नाही ते बटण दाबून बघत होते.

"शेचाळीस, आई."

आईचं जोजवणं थांबलं. माझी आई कस्तुराबाई मूळची रिठदची, शेतकऱ्याची लेक. पन्नासच्या आत म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागत नाही.

"काहून? काय झालं? भांडन झालं काय? दुखते काय तुले?"

"काई नाई झालं. लय चांगले आहेत सगळे," मी म्हणाले. "तू आली नाईस ना अजून पाहाले."

बाळ रडायचं थांबलं होतं. मग फोन तसाच कानाशी धरून ती तिथं कोणाला तरी विचारत असल्याचं ऐकू आलं, "अरे, सकाळी केनवडकडे जानारी पयली गाडी कितीची आहे रे?"