कंसातली ओळ

प्राध्यापक लेबरेख्ट विटकोप यांनी सारं आयुष्य एका ग्रीक कवीला वाहिलं. त्या कवीच्या कविता फाटक्यातुटक्या उरल्या होत्या. सर त्यांतल्या रिकाम्या जागा अंदाजाने भरत आणि ते शब्द कंसात छापत. जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

"कंस विसरलास तर तू चोर," ते मला म्हणायचे.

"मेलेल्यांशी भारी चोख," त्यांच्या पत्नी, ओटिलीबाई, केक कापता कापता टोमणा मारत. "काल जेवायला कोण आलं होतं, विचार बरं त्यांना."

त्यांची एकुलती एक मुलगी गेझीना नवव्या वर्षी घटसर्पाने गेली. सरांच्या हाती तेव्हा जी कविता होती, तिच्यात एक मेलेली मुलगी थडग्यातून आईशी बोलते. शेवटची ओळ हरवलेली होती. सरांनी ती भरली : 'आई, इथे थंडी नाही.' पुस्तकात ती कंसात छापली. गेझीनाच्या थडग्याच्या दगडावर मात्र ती ग्रीकमध्येच, कंसाशिवाय कोरली. बाईंना ग्रीक येत नव्हतं. सरांनी त्यांना अर्थ सांगितला आणि ओळ कवीची आहे, असं म्हणाले. दर रविवारी बाई त्या अक्षरांवरून हात फिरवून येत.

बऱ्याच वर्षांनी इजिप्तच्या वाळूत सापडलेले पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्याच्या प्राचीन कागदाचे, तुकडे बर्लिनच्या संग्रहालयात आले. मी तिथे कामाला होतो. एका तुकड्यावर ती कविता पूर्ण होती. ओळ उतरवून घेऊन मी स्वतःच सरांकडे गेलो.

खिडकीशी उभं राहून त्यांनी ती वाचली. "त्याचीच चांगली आहे," ते म्हणाले. "दुरुस्ती मी माझ्या नावाने छापीन." मग त्यांनी बाईंना हाक मारली.

"ओटिली, दगडावरची ओळ कवीची नाही. माझी आहे. अंदाजाने घातलेली."

बाई हात पुसत उभ्या राहिल्या. "तिथे थंडी नाही, हे तुम्हाला काय ठाऊक?"

सरांनी हातातला कागद खिडकीत ठेवला.

"मला वाटायचं, कधीकाळी कुणा आईला हे खरंच ऐकू आलं असेल. त्यावर दिवस काढले मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "खरी ओळ काय आहे?"

"'आई, आता तू घरी जा.'"

बाई खुर्चीवर बसल्या.

"दगड बदलून घेऊ," सर म्हणाले.

"राहू द्या. तुमचं रडणं तुम्ही दगडावर रडलात. मला सांगितलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो."

त्या रविवारी सर त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेले. एरवी त्यांना काम असे.

पुढच्या मार्चमध्ये सर न्यूमोनियाने गेले. त्या कवीच्या कवितांच्या शेवटच्या खंडाचं काम माझ्याकडे आलं. हस्तलिखितातले आपले बहुतेक अंदाज त्यांनी स्वतःच पेन्सिलीने खोडले होते. त्यांतले काही मला अजूनही बिनचूक वाटतात. पण मी त्या जागा रिकाम्याच छापल्या.