चौतीस स्लीपर

माया नववीत गेली आणि तिला एकदम कंठ फुटला. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी ही पोरगी, पण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या पवनचक्कीला दुसरा नंबर काय मिळाला, बाईसाहेब थांबायलाच तयार नाहीत! मॅडमचा प्रश्न अर्धा झाला की हिचा हात वर. घरी टीव्हीवरच्या बातम्या देणारीलाही ही उत्तरं द्यायची. "अगं, ती तुला विचारत नाहीये," असं आई दिवसातून दोनदा तरी सांगायची.

म्हणूनच, युनियनचे भीमराव काका घरी येऊन जेव्हा म्हणाले, की मुंबईच्या साहेबांना साइडिंग समजवायची तर नुसत्या नकाशाने भागायचं नाही, तेव्हा मोरीत भांडी घासत बसलेली माया तिथूनच ओरडली, "मॉडेल करू ना! मी करते!"

कोणी हसलं नाही. त्या घरात तीन आठवडे कोणी हसलंच नव्हतं.

मायाचे पप्पा, महेंद्र, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत झेंडीवाले होते. मेन लाइनीपासून फुटलेला एकच रूळ कंपनीच्या गेटातून आत शिरायचा, गोदामाला वळसा घालायचा आणि माल चढवायच्या फलाटाशी संपायचा. तीच ती साइडिंग. इंजिन वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ढकलत आत आणायचं. फलाटाकडे सदू काका त्या जोडायचे, सोडवायचे. ते बाजूला झाले, की गेटाजवळच्या केबिनमधून पप्पांनी ड्रायव्हरला हिरवी झेंडी दाखवायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी सदू काका दोन वाघिणींच्या मध्ये असतानाच हिरवी झेंडी हलली. पुढचं मायाला कोणी सांगितलं नाही. पण तिरडीवरचं गाठोडं किती लहान होतं, ते तिने पाहिलं होतं.

आता मुंबईच्या साहेबांची चौकशी लागली होती, आणि चौकशीत प्रश्न एकच. केबिनमधून सदू दिसत होता का? दिसत असेल तर त्याला बघूनच झेंडी द्यायची, असा नियम. म्हणजे चूक महेंद्रची, आणि नोकरी गेली. पण मध्ये गोदाम येत असेल, माणूस दिसतच नसेल, तर सदूने बाहेर येऊन शिट्टी मारायची. पप्पा म्हणत होते, शिट्टी झाली होती. म्हणजे सदूच शिट्टी मारून परत आत शिरला, चूक त्याची. आणि सदूची चूक ठरली, की त्याच्या जागी त्याच्या बायकोला, कौसाबाईला, पॅकिंगमध्ये घ्यायचं जे चाललं होतं, ते बंद.

कौसाबाई चार घरं सोडून राहायची. मयताच्या दिवशी सगळ्या आळीसमोर तिने पप्पांची कॉलर धरली होती. "दिसला न्हाई म्हणता? अकरा वरसं एका डब्यात जेवलात, आन दिसला न्हाई?"

पप्पा म्हणत होते, गोदाम मध्ये येतं. पप्पा म्हणतात म्हणजे येतच असणार. आता ते मुंबईच्या साहेबांना दाखवून दिलं की झालं, एवढं सोपं होतं ते मायाच्या डोक्यात.

घराला लागून पत्र्याचं गॅरेज होतं. मायाचा काका रिक्षा चालवायचा. तो चिखलोलीला राहायला गेला, रिक्षाही गेली, मागे ऑइलचे काळे डाग राहिले. तिथे मायाने बाकडी लावली, भिंतीवर कॅलेंडरचे कोरे कागद चिकटवले आणि बेत आखायला घेतला. स्केल एकास पन्नास. रूळ सायकलच्या तारांचे. रुळाखालचे आडवे स्लीपर आइस्क्रीमच्या काड्या कापून. वाघिणी पुठ्ठ्याच्या. गवताला हिरव्या रंगात भिजवलेला भुसा. आणि मुंबईला न्यायचं म्हणून खालचा प्लायवूडचा पाट दोन तुकड्यांत, मध्ये नट-बोल्ट. हे नट-बोल्टचं सुचलं तेव्हा ती स्वतःवरच इतकी खूश झाली, की गॅरेजमध्ये एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

प्लायवूडसाठी पप्पांबरोबर ती उल्हासनगरला गेली, कॅम्प पाचला. दुकानातला सिंधी सेठ चष्म्यावरून बघत म्हणाला, "क्या बनाएगी बेटी, देवघर?"

"रेल्वे!"

"अरे वा! पूरी रेल्वे? मेरे को भी टिकट दे दे."

"माल गाडी है सेठ. आपको बोरे में बैठना पड़ेगा."

सेठ खो खो हसला आणि पाच फुटी तुकडा एका कडेला फुगलेला होता म्हणून भंगाराच्या भावात देऊन टाकला. माया वळून पप्पांकडे बघते, तर ते रस्त्याकडे तोंड करून उभे. माणूस नुसता कपड्यांत अडकवून ठेवल्यासारखा दिसत होता.

मापं पप्पांनीच दिली. मीटर-फूट त्यांना सुचायचं नाही. रुळावर आयुष्य काढलेला माणूस, तो स्लीपर मोजणार. डोळे मिटून, बोटं मांडीवर आपटत त्यांनी सांगितलं, "केबिनपासून गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत चौतीस. तिथून फलाटाच्या टोकापर्यंत चाळीस."

"नक्की?"

"अगं, झोपेत सांगेन मी."

दोन स्लीपरमधलं अंतर साधारण पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये तेरा मिलिमीटर. माया आठ दिवस शाळेतून आली की दप्तर फेकून गॅरेजमध्ये. वळण बसवलं, गोदाम उभं केलं, काड्यापेटीएवढी केबिन केली, तिला खिडकी कापली. सहा वाघिणी केल्या, कारण साइडिंगमध्ये सहाच मावतात, सातवी आली की गेट लागत नाही. हे कंपनीतल्या कोणालाही विचारा. मग तिने एकेक वाघीण रुळावर ठेवली. पाच बसल्या. सहावी गेटाच्या बाहेर.

तिने वाघिणी पुन्हा मोजल्या, रूळ मोजला. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे पप्पांचाच आकडा कुठेतरी गडबडला होता. माणूस दुःखात आहे, होतं असं, असं ती मनाशी शहाण्यासारखं म्हणाली. पप्पांना त्रास नको म्हणून तिने विचारलंच नाही.

रविवारी साइडिंग बंद असते. गेटवरचा वॉचमन हरिचंद्र तिला ओळखायचा. "पाच मिनिटं हां," म्हणाला. माया केबिनपासून निघाली. एक, दोन, तीन, मोठ्याने मोजत. चौतीस झाले तेव्हा गोदामाचा कोपरा बराच लांब होता. बावन्न भरले. तिथून फलाटाचं टोक बरोबर चाळीस. पप्पांचं ते चुकलं नव्हतं.

परत येताना तिने कोपऱ्यापासून उलटे मोजले. चौतिसाव्या स्लीपरला ती थांबली. शेजारी कंपनीची भिंत, भिंतीला हातभर भगदाड, आणि भगदाडातून बाहेरच्या चहाच्या टपरीचं फळकुट दिसत होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला चहाच्या ओघळांचा पट्टा, आणि खाली जमीन गुळगुळीत झालेली, रोज कोणीतरी उभं राहून होते तशी. बाजूला एका खिळ्यावर झेंडी अडकवायला वाकवलेली तार होती. तिथून फलाटाकडे पाहिलं तर नुसतं गोदाम.

हरिचंद्र मागून आला. "तुझ्या पप्पाची जागा आहे ती," तो सहज म्हणाला. "केबिनचा पत्रा काय तापतो ना!"

घरी येऊन तिने आकडे दुरुस्त केले. गेट आणि केबिन मागे सरकवली. सहावी वाघीण आत बसली. मग तिने केबिनच्या खिडकीला एक दोरा बांधला आणि तो ताणून फलाटाजवळ ठेवलेल्या मातीच्या माणसापर्यंत नेला. केबिन वळणाच्या बाहेरच्या अंगाला. दोरा गोदामाला कुठेही शिवला नाही.

तिने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पप्पा दारात उभे होते.

"पप्पा, तुम्ही टपरीवर होता?"

ते आत आले, बाकड्याच्या कडेवर बसले. पाट दोन्हीकडून बघितला. त्यांना दोऱ्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"मी खोटं नाही सांगितलं तुला," शेवटी ते म्हणाले. "चौतीसच आहेत. मी जिथे उभा राहतो तिथून."

"पण नियम..."

"अकरा वर्षं तिथूनच दिली झेंडी, माये. तो शिट्टी मारायचा, मी झेंडी. त्यालाही माहीत होतं. तोच म्हणाला होता पहिल्यांदा, त्या भट्टीत कशाला मरतोस, इथे सावली आहे."

"त्या दिवशी मारली होती का शिट्टी?"

पप्पांनी हातांनी तोंड पुसलं. "ऐकल्यासारखी वाटली."

बाहेर आई कोणाशी तरी बोलत होती. माया गप्प. इतकी गप्प ती पवनचक्कीच्या आधीही कधी नव्हती.

"केबिन पुढे घे," पप्पा म्हणाले. "वीतभर. भिंतीला लागून. बाकी सगळं राहू दे."

"केबिन तिथे नाहीये."

"मुंबईला कोणाला माहिती आहे कुठे आहे? इथवर यायला वेळ असता तर मॉडेल लागलं असतं का त्यांना?"

"आणि कौसा काकीचं काम?"

पप्पा उठले, केबिन उपटली, तिच्या बुडाला फेव्हिकॉल लावायला गेले आणि सगळा हातभर सांडला. केबिन वाकडी बसली, पडली, परत बसवली, परत पडली. भिंतीवर, रुळावर पांढरे डाग. इतक्या दिवसांत हा माणूस रडला नव्हता, आता एका खोक्यासाठी त्याच्या नाकातून आवाज यायला लागला.

"द्या इकडे," माया म्हणाली.

तिने ओल्या फडक्याने डाग पुसले. कोपऱ्यापासून चौतीस काड्या मोजल्या. केबिन सरळ, काटकोनात बसवली आणि सुकेपर्यंत बोटाने दाबून धरली. जुन्या जागी गोंदाचा चौकोन दिसत होता, त्याच्यावर हिरवा भुसा टाकला. कुठे काही होतं असं आता कोणालाही कळलं नसतं. काम असं स्वच्छ करायची तिला सवय होती.

भीमराव काका टेम्पो घेऊन आले तेव्हा त्यांनी पाट एकदा पाहिला, केबिनशी नजर जरा अडखळली. मग ते म्हणाले, "चला, उचला." ते रोज त्या गेटातून आत जायचे.

मुंबईचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. माया दोन तुकडे जोडून बोल्ट आवळत होती तेव्हा टेबलापलीकडे तीन साहेब बसले होते, आणि भिंतीकडेच्या खुर्चीत कौसाबाई. तिलाही बोलावलं होतं. पांढरी साडी, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. माया तिच्याकडे न बघता बोल्ट आवळत राहिली, गरज नव्हती तरी.

"तू बनवलंस हे?" मधले साहेब उठून आले. "सुंदर! एकदम प्रोफेशनल. स्केलवर आहे?"

"हो सर. एकास पन्नास."

"मापं कोणी घेतली?"

"मी. स्वतः मोजले स्लीपर."

एवढं खरं होतं. साहेबांनी वाकून, एक डोळा मिटून, केबिनच्या खिडकीतून पाहिलं. "गोदाम येतं मध्ये," ते म्हणाले. दुसऱ्यांनी पाहिलं. तिसऱ्यांनी बसल्या जागेवरूनच मान हलवली. कोपऱ्यातला कारकून लिहीत होता.

"मला बघू दे," कौसाबाई म्हणाली.

साहेबांनी हाताने बाजूला व्हायची खूण केली. ती आली. तिने आधी सगळ्यावरून नजर फिरवली, रूळ, वाघिणी, भुशाचं गवत. ती कंपनीत कधी गेली नव्हती. कामगारांच्या घरच्यांना गेटातून आत सोडत नसत.

"ह्यात त्ये कुठं?"

मायाने फलाटाजवळच्या मातीच्या माणसावर बोट ठेवलं. निळा शर्ट रंगवला होता त्याला. कौसाबाईने त्याला हात लावला नाही. ती गुडघ्यावर बसली, टेबलाची कड धरली आणि खिडकीला डोळा लावला. किती तरी वेळ ती तशीच राहिली. पंखा फिरत होता. कारकुनाचं पेन थांबलं.

"न्हाई दिसत," ती म्हणाली. मग उठायला तिला जमेना, म्हणून मायानेच दंडाला धरून उठवलं. कौसाबाई पप्पांकडे वळली आणि तिने हात जोडले. "भाऊजी, तुम्ही खरं सांगत व्हता. मी मयताच्या दिशी तुम्हाला काय न्हाई ते बोलले. मनात धरू नका."

पप्पा बुटांकडे बघत होते.

"हे पण लिहून घ्या," मधले साहेब कारकुनाला म्हणाले.

"पोरी," कौसाबाईने मायाचा हात धरला, "मला अजून एकदा नीट दाखव. घरी पोरींना सांगायचंय. त्या मला रोज इचारतात."

पप्पांनी मान वर केली. सगळे मायाकडे बघत होते, साहेब, भीमराव काका, कारकून.

"ही केबिन, काकी," माया म्हणाली. "इथे पप्पा. हे गोदाम. आणि ह्याच्या पलीकडे काका."