नीनीच्या वाट्याच्या गोळ्या

आमच्या मात्सूआईच्या, म्हणजे समुद्राच्या देवीच्या, पालखीला ठरलेला रस्ता नाही. कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं एवढंच ठरलेलं. मधलं सगळं तिच्या मनावर. खांद्यावरचा दांडा आपोआप ओढला जातो असं भोई सांगतात, आणि पालखी वळते. कधी पेट्रोल पंपात शिरते, कधी शाळेच्या मैदानात, आणि मागून आम्ही हजारो माणसं टोप्या सांभाळत पळत सुटतो. मला विचाराल तर साऱ्या वर्षात जगण्यासारखे दिवस हे आठच.

पण हे माझ्या मुलीला, ह्वेईलिंगला, कोण सांगणार? अकरा वर्षं मी इन्सुलिन घेते. निघायच्या आदल्या दिवशी तिने माझा कमरेचा बटवा टेबलावर उपडा केला आणि परीक्षाच घेतली.

"हात थरथरायला लागले तर?"

"ग्लुकोजच्या चार गोळ्या चावायच्या. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं. परत शुगर तपासायची."

"आणि मग?"

"जेवायचं. मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

"आई, ऐक. या गोळ्या तुझ्या आहेत. देवीच्या नाहीत, शेजारणीच्या नाहीत, नीनीच्याही नाहीत. यंदा काही झालं तर पुढच्या वर्षी पालखी मोबाइलवर बघायची."

नीनी म्हणजे तिची लेक, माझी पाच वर्षांची नात. गुरुवारी तिच्या कानाचं ऑपरेशन होतं. मात्सूआईचा प्रसाद आणून तुझ्या हातात देईन, असा शब्द मी तिला दिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पालखी एका गावातल्या देवळात थांबली. जो तो आपल्या वस्तू धूपपात्रावरून तीनदा ओवाळून घेत होता. कुणी टोपी, कुणी गाडीची किल्ली, एकाने तर म्हाताऱ्या बापाची बनियन आणली होती. मला राहवलं नाही. मी गोळ्यांची नळी काढली, धुरावरून ओवाळली आणि लाल पाकिटात घातली. झाला नीनीचा प्रसाद! बटव्यात ज्यूसचं खोकं होतं, तेही तिच्या नावाने नैवेद्याच्या टेबलावर ठेवून आले.

छाययूनताई बघत होती. ही माझी शेजारीण, एकाहत्तर वर्षांची. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, त्यामुळे आवाज दोन स्टॉप पलीकडे जातो.

"अगं बीश्या, स्वतःची साखर देवीला वाहिलीस. आता तू काय खाणार, उदबत्ती?"

"डोळे उघडून बघ की ताई. रस्ताभर लोक खायला घेऊन उभे आहेत. इथे उपाशी मरायचं म्हटलं तरी जमायचं नाही."

आणि खरंच होतं ते. पाव, अंडी, सॉसेज, फळं. नको म्हटलं तरी हातात कोंबतात.

दुपारी पालखी एका कारखान्याच्या दारात विसावली. आता तासभर तरी हलत नाही, असं सगळेच म्हणाले. गावातल्या बायकांनी तांदळाच्या शेवयांचे वाफाळते वाडगे भरायला घेतले. मी शुगर बघितली, ठीक होती. पोटाला इन्सुलिनची सुई टोचली, वाडगा मांडीवर घेतला, पहिला घास तोंडाशी नेला आणि पुढून आरोळी उठली.

"निघाली! निघाली!"

फटाके फुटले, झांजा सुरू झाल्या. वाडगा कुणाच्या हातात दिला देव जाणे. मी पळाले! सदुसष्ट वर्षांची मी, चपला वाजवत! माझ्यासारख्या शंभर जणी पळत होत्या, शेवया तिथेच ठेवून. पालखी निघाल्यावर जेवत बसणारं माणूस आमच्यात अजून जन्मायचं आहे.

पालखी हमरस्ता सोडून डावीकडे वळली आणि थेट भातशेतातल्या वाटेला लागली. ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, दोन्हीकडे पाण्यात उभं हिरवं भात, मधे माणसांची दाटी. मागे फिरायला जागा नव्हती. आणि इथे ती येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे खायचं एकसुद्धा टेबल नव्हतं.

अर्ध्या तासाने मला छाययूनताईच्या टोपीचा राग यायला लागला. टोपीवर एक जांभळं फूल होतं आणि ते सारखं हलत होतं. मुद्दाम हलत होतं.

"काढ ती टोपी! लाज नाही वाटत या वयात?"

ताई थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मानेवरून बोट फिरवलं, ओलं झालं. "बस खाली. शुगर उतरलीय तुझी. ह्वेईलिंगने सांगून ठेवलंय, ही विनाकारण भांडायला लागली की साखर द्यायची."

"माझी शुगर ठीक आहे. फूल वाईट आहे."

तिने मला खाली ओढलं आणि माझं बोट टोचलं. चौपन्न. तिने बटवा उघडला, लाल पाकीट बाहेर काढलं, आणि मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"हे नीनीचं आहे! तिच्या ऑपरेशनचं आहे! हात लावशील तर बघ!"

"अहो, कुणाकडे साखर आहे का?" ताईने आपला बसमधला आवाज लावला. माणसं धावली. पण काय सांगू, सगळीच्या सगळी तब्येत सांभाळणारी! एकीने चहा दिला, विनासाखर. दुसरीचाही विनासाखर. एकाने कोला काढला, तोसुद्धा बिनसाखरेचा. उकडलेली अंडी मात्र चार जमली.

माझे हात पाकिटावर लटलट कापत होते. मला रडू येत होतं. या गोळ्या मी खाल्ल्या आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर? एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता.

"बरं," ताई म्हणाली, "माझं ऐकू नकोस. आईलाच विचारू." देवळात आम्ही कौल लावतो तो लाकडाच्या दोन फाकी टाकून, एक उताणी आणि एक पालथी पडली की हो. फाकी नसल्या तर दोन नाणी चालतात. तिने नाणी कपाळाला लावली. "आई, बीश्याने या गोळ्या खाव्यात का?" नाणी उडवली. मला नुसतं चकाकलेलं दिसलं.

"हो म्हणाली! एक छाप, एक काटा! खा आता, मूर्ख बाई!"

मी खाल्ल्या. चार. चावताना दोनदा माफी मागितली, एकदा देवीची आणि एकदा नीनीची.

मग बसून राहिलो. गर्दी आम्हाला वळसा घालून पुढे गेली, झांजा लांब गेल्या. गेली आपली पालखी, मी म्हटलं. ताई घड्याळाकडे बघत होती. "पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं."

बोट पुन्हा टोचलं. अठ्ठ्याऐंशी! फूल बघितलं. बरं होतं की बिचारं. तेवढ्यात पुढून ओरडा आला.

"पुढे कालवा आहे! वळली! परत येतेय!"

अरे देवा, काय ती धांदल! अर्धी माणसं भाताच्या पाण्यात उतरली, अर्धी वाटेवरच रांगेत गुडघ्यांवर ओणवी झाली. मी जिथे बसले होते तिथेच कपाळ मातीला टेकलं. झांजा जवळ आल्या, भोयांचे चिखलाने भरलेले पाय दोन्ही बाजूंनी गेले, आणि आई माझ्या पाठीवरून गेली. पालखी अशी अंगावरून जाण्याच्या ज्या आशीर्वादासाठी लोक तासन् तास रांग लावतात, तो मला बसल्या जागी मिळाला. तोंडात अजून ग्लुकोजची चव होती. मी हमसून हमसून रडले आणि मग दोन अंडी आणि कुणीतरी दिलेला पाव खाल्ला.

संध्याकाळी पाय शेकत बसलो असताना मी म्हटलं, "ताई, ती नाणी जपून ठेव हं. कौलाची आहेत."

"कुठली नाणी? दोन्ही चिखलात गेली."

"म्हणजे? कौल काय पडला ते तू..."

"कुठून बघणार? चिखलात डोकं घालू?"

"देवीच्या नावाने खोटं बोललीस?" माझा जीव उडाला.

"मी विचारलं होतं," छाययूनताई शांतपणे म्हणाली. "उत्तर द्यायला ती स्वतः परत आली. आणखी काय हवं तुला, लेखी?"

मी लाल पाकीट काढलं. सहा गोळ्या उरल्या होत्या. दोन नीनीसाठी पाकिटात ठेवल्या. चार बटव्याच्या पुढच्या कप्प्यात टाकल्या, आणि त्या माझ्या होत्या.