कुसुमोतोंची सही

जेवणाच्या सुटीत कारखान्यातल्या थुराने मालकांच्या, म्हणजे कुसुमोतोंच्या टेबलावर तांदळाच्या बिस्किटांचा डबा ठेवला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सण नाही, कुणाचं लग्न नाही, आणि डबा मात्र स्टेशनसमोरच्या महागड्या दुकानातला. जो माणूस वर्षानुवर्षं काही मागत नाही तो एकदा मागायला लागला की मोठंच काहीतरी मागतो, असा कुसुमोतोंचा अनुभव होता. अनुभव कसला, नुसती समजूत. पण त्यांच्या समजुतींना घरात अनुभव म्हणायची पद्धत होती.

डब्याखाली एक कागद होता.

"मालक, इथल्या कायमच्या रहिवासासाठी अर्ज करतोय," थुरा म्हणाला. "त्याला इथलं कुणीतरी जामीन लागतं. तुमची सही मिळाली असती तर..."

"जामीन?"

"पैशाची काही जबाबदारी नाही हो. खाली छापलंय तसं. हा माणूस सरळ वागेल, कर भरेल, एवढंच."

"बघतो," कुसुमोतो म्हणाले.

जपानमधल्या हिगाशी-ओसाकाच्या त्या गल्लीत कुसुमोतोंच्या 'बघतो'चा अर्थ शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. थुराने वाकून नमस्कार केला आणि तो आपल्या मशीनकडे गेला.

वडिलांनी मेव्हण्यासाठी जामीन राहून घर घालवलं होतं, तेव्हापासून कुसुमोतोंच्या घरी तो शब्दच कुणी काढत नसे. बायकोला, फुसाएला, त्यांनी हेच कारण सांगितलं. खरं कारण त्यांनी पोटात ठेवलं. त्यांचा हिशेबनीस एकदा दारूच्या दुसऱ्या पेल्यानंतर म्हणाला होता, "आज थुराला नोकरी बदलायची तर व्हिसाच्या कचेरीला कळवा, नवी तपासणी, सतरा भानगडी. एकदा का तो कायमचा झाला, की कुणाच्या बापाला विचारायला नको." ते वाक्य तेव्हापासून कुसुमोतोंच्या डोक्यातून जात नव्हतं. स्प्रिंग वळवायची सगळी मशीनं थुराच्या हाताने लागत. मुलगा टोकियोत विमा विकत होता आणि तेलाचा वास आला की नाक धरत होता. थुरा गेला की कारखान्याला कुलूप, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

थुराचंही अडलं होतं. ब्रह्मदेशात परत जायची सोय उरली नव्हती; तिथे लष्कराने त्याच्या धाकट्या भावाला घरातून उचलून नेलं होतं. इथे बायको मे सू एका वृद्धाश्रमात कामाला, मुलगी तिसरीत. मुलीला ब्रह्मी भाषा ऐकून कळायची, पण उत्तर ती ओसाकाच्या बोलीत द्यायची. व्हिसा दर वेळी थोडक्या मुदतीचा मिळे, आणि पत्र येईपर्यंत मे सूच्या तोंडचं पाणी पळालेलं असे. हे कुसुमोतोंना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांना आपलं दुखणं मोठं होतं.

मग बहाणे सुरू झाले. चष्मा दुरुस्तीला दिलाय. वर्षअखेरीची गडबड आहे. कागद कुठेतरी ठेवलाय, सापडला की करतो. थुरा दर वेळी "हरकत नाही" म्हणायचा, आणि हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाइतका संशय कुसुमोतोंना दुसऱ्या कुणाचा येत नसे.

"हा भांडत का नाही?" ते फुसाएला म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, तुम्ही सही करत नाही, तेच मुरतंय," फुसाए मुळा किसता किसता म्हणाली. "तुमची आई गेली तेव्हा तो तीन दिवस इथे राबला. तेव्हाही म्हणालात, हा एवढं का करतोय."

"मग? का केलं?"

"माणूस आहे म्हणून! तुम्हाला काय कळायचंय ते."

कुसुमोतोंनी आता थुरावर डोळा ठेवला. थुरा कारखान्यातल्या म्हाताऱ्या इशिझुकाला नाजूक मशीन लावायला शिकवत होता. का? काम हवाली करतोय! त्याने कपाट आवरलं, जुने हातमोजे फेकून दिले. सामान हलवतोय! मे सू स्टेशनजवळ घरांच्या जाहिराती वाचताना दिसली, तेव्हा तर कुसुमोतोंनी सायकल थांबवून, ती वाचत होती तेवढा वेळ मागे उभं राहून, त्या जाहिराती वाचल्या. सगळी घरं कालव्यापलीकडची होती. आणि कालव्यापलीकडे मिझोगुचीचा कारखाना होता. तोही स्प्रिंगांचाच.

मिझोगुची शाळेपासूनचा. पहिलीत त्याने कुसुमोतोंचं खोडरबर घेतलं होतं आणि परत केलं नव्हतं, अशी कुसुमोतोंची तक्रार अजून जिवंत होती.

शनिवारी थुराने अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, "जरा घरचं काम आहे." पण येताना त्याने कोट आणला होता, गडद निळा, लग्नाकार्याला घालतात तसा. कुसुमोतोंनी पाच मिनिटं कशीबशी काढली आणि सायकल काढली.

पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानात, काचेला लागूनच्या टेबलावर, थुरा आणि मिझोगुची समोरासमोर बसले होते. थुराने खोल वाकून नमस्कार केला. मिझोगुचीने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि हसला. कुसुमोतोंच्या अंगाची लाही झाली. आत जाऊन टेबल उलथावं असं त्यांना वाटलं, पण त्या दुकानातली उधारी आठवून ते तसेच परत फिरले.

रविवारी सकाळी मिझोगुचीचा फोन आला.

"काय रे कुसुमोतो, जिवंत आहेस का?"

"तुझ्या आधी मरणार नाही. बोल."

"तुझ्या थुराबद्दल विचारायचं होतं. खरं सांग हं, माणूस कसा आहे?"

चोर आपणहून दारात आला, असं कुसुमोतोंना वाटलं. केवढी हिंमत! पळवायचा तो पळवायचा, आणि वर मलाच विचारायचं! आता याला असं काही सांगतो की पुन्हा त्याचं नाव काढणार नाही.

"हात चांगला आहे," ते सावकाश म्हणाले. "पण तू मित्र म्हणून विचारतोयस म्हणून सांगतो. मी तुझ्या जागी असतो तर त्याच्या हातात चाव्या दिल्या नसत्या."

वास्तविक कारखान्याच्या चाव्या कित्येक वर्षं थुराच्याच खिशात होत्या. सकाळी शटर तोच उघडायचा, आणि त्या जोरावर कुसुमोतो निवांत झोपायचे.



"असं होय," मिझोगुची म्हणाला. "तरीच."

"तरीच काय?"

"तरीच तू सही केली नाहीस. काल माझ्याकडे आला होता जामीन राहाल का विचारायला. मी म्हटलं, बाबा, तुझा मालक असताना मी कशाला? तर म्हणे, मालकांची काही अडचण आहे, त्यांना भीड घालायची नाही. तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही हं. मला माणूस आवडला. सही करणारच होतो, म्हटलं रीत म्हणून तुला एकदा विचारावं. बरं झालं विचारलं."



"अरे, नाही! ऐक, मी गंमत केली."

"चाव्यांची गंमत?"

"मला वाटलं, तू त्याला कामाला पळवतोयस! म्हणून बोललो. लाख माणूस आहे तो!"

"असू दे, असू दे," मिझोगुची मऊ आवाजात म्हणाला. "आता तू त्याला सांभाळून घेतोयस. कळतं मला. मनाने भला आहेस तू." आणि त्याने फोन ठेवला.

कुसुमोतोंनी पुन्हा फोन लावला. मिझोगुचीने उचलला नाही. मागे फुसाए ओल्या हातांनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही, आणि त्यामुळे कुसुमोतोंना जास्तच भीती वाटली.

"तो कागद टीव्हीखालच्या खणात आहे," ती एवढंच म्हणाली. "तुम्हीच ठेवलात."

त्यांनी सही केली. घाईत नाव वाकडं आलं. घरी कुसुमोतो तीनदा चपला घालून तीनदा परत बसले, आणि थुराच्या घराची घंटा त्यांनी वाजवली तेव्हा दिवेलागण झाली होती. आतून तळलेल्या लसणाचा वास येत होता. दार थुरानेच उघडलं.

कुसुमोतोंनी कागद पुढे केला. थुराने तो दोन्ही हातांनी घेतला, सही पाहिली आणि खोल वाकून आभार मानले. कुसुमोतोंना हायसं वाटलं. आपण वेळेवर पोचलो, असं त्यांना वाटलं.

"मिझोगुचीसाहेब दुपारी येऊन गेले," थुरा म्हणाला. "जमणार नाही म्हणाले. का विचारलं, तर कारणही सांगितलं. सरळ माणूस आहे."

"थुरा, मला वाटलं तू मला सोडून जाशील," कुसुमोतो घाईघाईने म्हणाले. "त्याच्याकडे जाशील. म्हणून तोंडातून गेलं. त्यात खरं काही नव्हतं रे."

"मग मला विचारायचं होतंत, मालक."

"काय सांगितलं असतंस?"

थुरा वळून आत गेला. चाव्यांचा जुडगा घेऊन तो परत आला: शटरची, मागच्या दाराची, मालाच्या खोलीची. तो त्याने दोन्ही हातांनी कुसुमोतोंच्या हातात ठेवला, अगदी अदबीने, इथली माणसं पहिल्या भेटीत व्हिजिटिंग कार्ड देतात तसा.

"तुम्ही आता माझे जामीन आहात," तो म्हणाला. "उद्या कारखान्यातलं काही इकडचं तिकडे झालं, तर तुमच्या नावाला बट्टा नको."

पुढच्या वर्षी थुराला कायमचा रहिवास मिळाला. मे सूने गल्लीत सगळ्यांकडे गोड भात पाठवला, मिझोगुचीकडेसुद्धा. थुरा कुठेही गेला नाही. तो अजून कुसुमोतोंकडेच आहे, आणि मशीनं पूर्वीसारखीच लावतो.

फक्त सकाळी तो बंद शटरसमोर उभा असतो, डबा हातात घेऊन, थंडी असो की ऊन. येणारेजाणारे बघतात. मिझोगुची सायकलवरून जाताना बघतो आणि कुसुमोतोंकडे पाहून समजूतदारपणे मान हलवतो. "घे रे बाबा आता चाव्या," कुसुमोतो रोज म्हणतात. "नको, मालक," थुरा रोज म्हणतो, तितक्याच अदबीने.

कुसुमोतोंना आता पहाटेच जाग येते. गल्लीच्या वळणापाशी आले की मनात येतं, आज उभा असेल ना? तो उभा असतो. आणि तो दिसला की त्यांना इतकी लाज वाटते, की कुलूप निघेपर्यंत ते मान वर करत नाहीत.