सासूबाईंची कूस

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की माणसं दोन तऱ्हेची होतात. एक करणारं आणि बाकीची विचारणारी. करणारं कोण, हे सून असलेल्या घरात ठरवावं लागत नाही. आणि ती सून नर्स असेल, तर मग बघायलाच नको!

या घरातली सून इस्पितळात नर्स होती. अर्धांगवायूच्या झटक्याने सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा नणंद फोनवर म्हणाली, "आई नशिबाची हो आमची. सिस्टर घरातच!" झालं. सून ड्यूटीवर असेपर्यंत पगारी बाई थांबे. सून आली की बाई जाई, आणि पुढचं उठवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं सुनेकडे. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तो अधूनमधून दारात येऊन विचारी, "आई, बरं आहे ना?" आणि परत जाई.

सुनेला नर्सिंगची पदवी घ्यायची होती. नवजात बाळांच्या विभागात काम करावं, ही तिची जुनी आस. रस्ते दोन होते. एक घरबसल्या: तास मोबाईलवर, प्रात्यक्षिकं आपल्याच वॉर्डात. दुसरा कॉलेजचा: ड्यूटीनंतर संध्याकाळचे वर्ग, आणि जाणत्या शिक्षिकेच्या नजरेखाली खरीखुरी इवली बाळं हाताळायची. पदवी दोन्हीकडे सारखीच. हात मात्र कॉलेजातच तयार होणार होते.

एका संध्याकाळी ती कॉलेज बघायला गेली आणि तिथेच रमली. घरी यायला उशीर झाला. येताच तिने सासूबाईंना वळवलं, तर कमरेखाली लाल चट्टा. बोटाने दाबून पाहिला. लाली हटेना. पडून राहून होणाऱ्या जखमेची ही पहिली खूण.

नवरा दारात आला. "बाई मघाशीच गेली. तुझीच वाट बघत होतो."

"तुम्ही घरीच होतात?"

"म्हणजे काय! जागचा हललो नाही."

तिने सासूबाईंच्या पाठीला उशी लावली. त्याला बोल लावायचं तिच्या मनातही आलं नाही. आपण शिकायची हौस केली आणि म्हाताऱ्या जिवाला जखम होता होता राहिली, एवढंच तिला दिसत होतं.

सकाळी सासूबाईंचे केस विंचरता विंचरता तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "आज कॉलेजला नाही म्हणून कळवते. घरबसल्याचाच बरा. घरी अडचण आहे ना."

फोन ठेवताच सासूबाई म्हणाल्या, "अडचण म्हणजे मी."

"तसं नव्हे हो, आई."

"तसंच आहे. मला एक सांग. तुमच्या वॉर्डातून माझ्यासारखीला घरी सोडता, तेव्हा काय करता?"

"घरच्यांना शिकवतो. उठवायचं कसं, वळवायचं कसं. त्यांनी आमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय सोडत नाही."

"मग मला आणलं तेव्हा कोणाला शिकवलं?"

सुनेचा हात केसांत तसाच थांबला. तिला आठवलं. तिथल्या सिस्टरने विचारलं होतं, घरी कोण बघणार, त्यांना बोलवा. आणि ती तोऱ्यात म्हणाली होती, "मी आहे ना. शिकवायची गरज नाही."

"मला वाटलं, मी नर्स असून घरच्यांना कशाला कामाला लावू?" ती हळूच म्हणाली.

"बाळ, नेम ज्याचा त्याने पाळायचा असतो. त्याच्या वाटचा तू पाळलास, तर तुझं पुण्य वाढत नाही. त्याचं मात्र बुडतं. आईची सेवा त्याच्या हातून राहिली, आणि ती आपण दोघींनीच राहू दिली. हाक मार त्याला."

नवरा आला आणि सगळं ऐकून दोन पावलं मागे सरला. "मला नाही जमायचं. आईला दुखलं-बिखलं तर?"

"काच घासताना तुझा हात कधी थरथरला का रे?"

"काचेला दुखत नाही, आई."

"मला दुखेल तेव्हा मी ओरडेन. ये."

सून सांगत गेली. गुडघा दुमडा. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. ओढू नका, आपल्याकडे वळवा. पाठीला उशी. त्याने जमेल तसं केलं.

"चादरीची सुरकुती राहिली," सासूबाई म्हणाल्या. "तीच टोचते मेली."

त्याने चादर सारखी केली, तेव्हा तो लाल चट्टा त्याच्या नजरेला पडला. "एवढंच करायचं होतं? आणि मी काल पुढच्या खोलीत बसून..."

दुपारी सुनेने कॉलेजला होकार कळवला.

वाचकहो, सेवा करणारी बाई थोर, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एकीच्या गळ्यात सगळी सेवा घालायची आणि ती शिकायला उठली की तिलाच अपराधी वाटू द्यायचं, यात आपण सगळेच दोषी आहोत. आजारी माणूस साऱ्या घराचं असतं. ज्याला येत नाही त्याने शिकावं, आणि जिला येतं तिने शिकवावं.

पहिल्या वर्गाला जाताना सुनेचा अपराधी जीव काही घरी राहिला नाही. तो तिच्यासोबतच गेला. शिक्षिकेने तिच्या हातात एक इवलं बाळ दिलं आणि ती म्हणाली, "हं, वळवा याला कुशीवर." तिने अलगद वळवलं. घरीही कूस बदलायची वेळ झाली होती. बाळाला ठेवून तिने हात पुसले, फोन काढला, क्षणभर बघितला, आणि न लावताच परत पिशवीत टाकला.