मंजूर भार

वायरमनच्या स्वतःच्या घरातला बोर्ड तीस वर्षं जुना होता, आणि ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. लोकांकडे एसी बसव, लिफ्टला लाइन ओढ, दवाखान्याचं अख्खं पॅनल बदल, असली कामं तो डोळे मिटून करायचा. घरी मात्र अजून चिनी मातीचे फ्यूज. बायकोने ओव्हन लावला आणि कुणी इस्त्री सुरू केली की फट्ट आवाज व्हायचा आणि सगळं बंद.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती म्हणायची आणि स्टुलावर चढून स्वतःच फ्यूजला तार बांधायची.

ती पाव भाजायची. टीचभर ओव्हनमध्ये एका वेळी दोनच मावायचे, पण वास चार घरं पलीकडे जायचा. तिला आयुष्यात एकच वस्तू हवी होती, दोन खणांचा मोठा ओव्हन. त्याचं उत्तर ठरलेलं.

"लोड झेपणार नाही गं. आधी बोर्ड बदलायचा, मग लोड वाढवून घ्यायचा. बघू पुढच्या वर्षी."

असं करता करता मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि याच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

शेवटी गुडघे शिडीला नाही म्हणू लागले, बाहेरची कामं कमी झाली, तेव्हा त्याने मनावर घेतलं. स्वयंपाकघराची मधली भिंत पाडली. वीज ऑफिसात अर्ज दिला: तीन किलोवॅटचे दहा, सिंगल फेजचं थ्री फेज. अर्थिंगचा खड्डा स्वतः खणला. ओव्हनसाठी जाड वायर, वेगळी लाइन, वेगळा एमसीबी स्विच. इतकं निगुतीने त्याने कुणा गिऱ्हाइकाचंही काम केलं नव्हतं.

त्याच महिन्यांत ती चुकायला लागली. पिठात मीठ दोनदा पडलं. कपाटाची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. एकदा ती दुकानातून रिकाम्या हाताने परत आली आणि दारातच थबकली. "अहो, मी कशाला गेले होते?"

"घरभर सिमेंटची धूळ, सामान कुठल्या कुठे. कुणाचंही डोकं फिरेल," तो म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

मुलगी दोन दिवस राहून गेली. निघताना ती त्याला फाटकापाशी घेऊन आली.

"बाबा, आई मला एकच प्रश्न तीन-तीनदा विचारते. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवू ना. एवढं काम आटपू दे."

काम आटपायला चार महिने लागले.

डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल झकास काढला, आणि सगळे आकडे एका बाजूला कोंबले. मग तिला बाहेर बसवून डॉक्टर हळू आवाजात त्याच्याशी बोलले. हा आजार मागे फिरत नाही. लवकर आला असतात तर थोडा वेळ हाती लागला असता, एवढंच.

"थोडा म्हणजे किती?"

"नक्की सांगता येत नाही. काही महिने. कदाचित वर्ष."

पुढच्याच आठवड्यात नवा मीटर बसला, पाठोपाठ ओव्हनही आला. पहिल्या दिवशी बारा पाव एकदम फुगले. ती काचेसमोर मांडी घालून बसली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवू लागली. त्याने मुद्दाम इस्त्री लावून पाहिली, गीझर लावला. दिवा जरासुद्धा मंद झाला नाही.

असे तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी तो आंघोळीला गेला आणि तिने प्लॅस्टिकचं घमेलं चालू ओव्हनमध्ये सरकवलं. धुराच्या वासाने तो ओल्या अंगाने धावत आला, तर तिने तापलेला ट्रे उघड्या हातांनी धरला होता. तो सोडून द्यायचा असतो, हेही तिला सुचलं नव्हतं.

मुलगी फोनवर रडली. "तो ओव्हन काढून टाका, बाबा."

त्याच्याने काढवेना. त्याने फक्त ओव्हनचा एमसीबी खाली पाडला, बोर्डाच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पट्ट्या बांधलेल्या हातांनी ती ओव्हनचं बटण दाबत राहिली. "अहो, हा लागत का नाही?"

इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडात आली. "लोड झेपत नाही गं."

"असू दे," ती त्याच्या पाठीवरून मनगट फिरवत म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नका. सवड झाली की करा. मला कुठं घाई आहे?"

तो पक्कड शोधायच्या निमित्ताने मागच्या दारी गेला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. तीस वर्षांत ती कधी चिडली असती, भांडली असती, एकदा ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

हातांच्या जखमा भरून आल्या. मळणं मात्र ते हात विसरले नव्हते. रोज दुपारी तो पीठ, मीठ, यीस्ट, पाणी मोजून तिच्यापुढे ठेवू लागला. ती मन लावून मळायची, गोळे करायची. ते फुगले की तो ट्रे सायकलच्या कॅरिअरला बांधून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचा आणि भाजून आणायचा.

"काका, घरी मोठा ओव्हन घेतलात ना?" बेकरीवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"आहे घरी," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून बेकरीवाल्याने पुन्हा विषय काढला नाही.

एका दुपारी त्याने गरम पाव तोडला, लोणी लावलं आणि तिच्या हातात दिला. ती सावकाश चावत राहिली.

"छान झालाय. कुणी केलाय?"

"तू."

"मी?" ती हसली, आणि ओळख नसलेल्या माणसाने थट्टा करावी तशी जराशी अवघडली. "काहीतरीच तुमचं. मला कुठलं येतंय? पण जिने केलाय ना, तिच्या हाताला चव आहे हो. सांगा तिला."

"सांगतो," तो म्हणाला आणि तिच्यासाठी आणखी एक तुकडा तोडला.